जिथं पेन्सिल थांबली ते पान

दिवाळीच्या तोंडावर घर झाडायला काढलं, तेव्हा कौशल्याने दामिनीची लोखंडी पेटी अंगणात ओढली. लेकीचं लग्न वैशाखात झालं होतं. ती अकोल्याला, जुन्या शहरात नांदायला गेली आणि पेटी मात्र वरूडजवळच्या या गावात माळ्यावरच राहिली. आत अमरावतीच्या हॉस्टेलची चादर, एक दांडी तुटलेला कंगवा आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं.

"रद्दीवाला चौकात आला हाये," गजेंद्र ओट्यावरून म्हणाला. "देऊन टाक. त्या पुस्तकाईचं का आता लोणचं घालतं?"

"एक डाव पाहू तर द्या."

"तुले काय समजते त्यातलं? पोरीले नाही समजलं."

गजेंद्र माणूस वाईट नव्हता. पोरगी दोन विषयांत राहिली, पुन्हा बसली, पुन्हा राहिली, तरी तो रागावला नाही. गाडी सुटल्यावर माणूस स्टँडवर किती वेळ बसतं, एवढंच म्हणाला, आणि आलेलं बरं स्थळ धरलं. नितेश, विजेच्या सामानाचं दुकान, घरचं घर. दामिनी नाही म्हणाली नाही. होही म्हणाली नाही. हळद लागली तरी ती पोरगी काही बोलली नाही, आणि कौशल्याला तेच आत कुठंतरी कुसळासारखं रुतून बसलं होतं.

सगळ्यात जाड पुस्तक उदाहरणांचं होतं. भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग, तिन्हींची उदाहरणं आलटून-पालटून एका पुठ्ठ्यात बांधलेली. सारं इंग्रजी. कौशल्या दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, तीही सेकंड क्लास. ती पुस्तक मिटणारच होती, पण ओळींच्या वर तिला बारीक पेन्सिल दिसली. दामिनीही मराठी शाळेतूनच गेलेली. अडलेल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर तिने मराठी शब्द लिहून ठेवला होता. बळ. वेग. मागणी. पुरवठा. जिथं शब्द सापडला नसेल तिथं आख्खं वाक्य, समासात, उभं. कौशल्या केरसुणी हातात घेऊन तिथंच केरात बसली आणि लेकीचं अक्षर वाचत राहिली.

बाकीची पुस्तकं रद्दीत गेली. हे तेवढं देवाच्या कोनाड्याशेजारी राहिलं.

आता अकोल्याच्या फोनचं सांगायचं, तर तो रोज यायचा आणि रोज तसाच यायचा.

"जेवली का?"

"हो."

"काय केलं?"

"भाकर, वांगं. तू?"

"मीबी तेच. सासूबाई?"

"बऱ्या हायेत. ठेवते मंग."

फोन ठेवला की कौशल्याला वाटे, पोरगी बोलली खरी, पण आली नाही. लहानपणी हीच दामिनी शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी दिवसभराचं सगळं सांगून मोकळी व्हायची. ती कुठं गेली? सकाळी नामस्मरणाला बसलं तरी मन अकोल्याच्या पुलावरून मोर्णा नदीच्या पलीकडे जाऊन यायचं. घरची परंपरा महानुभावांची. देवाचं नाव घ्यावं, मागणं करू नये, हे तिला सासूने शिकवलं होतं. म्हणून ती मागत नसे. नुसती आठवण काढायची, आधी देवाची, मग लेकीची. कधी कधी क्रम चुकायचा.

दुपारी काम आवरलं की ती पुस्तक काढू लागली. कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पहिल्या पानावरच्या उदाहरणात एकजण चेंडू सरळ वर फेकत होता. चेंडू नव्हता, म्हणून तिने अंगणात संत्रं फेकून पाहिलं. पान उलटल्यावर दिलेलं उत्तर तिला पटेना. शेवटी संध्याकाळी फोनवर विचारलंच.

"दामिनी, मी संत्रं वर फेकलं."

"काहून?"

"पुस्तकात हाये. तुह्या. सगळ्यात वर गेल्यावर त्याचा वेग शून्य होते म्हणते. मंग ते थांबलंच ना? अन् थांबलं, तर खाली काहून येते?"

पलीकडे कुकरची शिटी झाली. मग भांडं आपटल्यासारखा आवाज आला. कौशल्याला वाटलं, चिडली.

"माहं पुस्तक तू ठेवलं?" ती म्हणाली. आणि मग, "थांबत नाही आई. त्या घडीले वेग शून्य असते, पण पृथ्वी ओढतच असते. खाली असताना जेवढं ओढते, वरबी तेवढंच."

"वरच्या टोकालेबी?"

"तिथंबी."

त्या दिवशी भाकर आणि वांगं राहून गेलं. गजेंद्र ओट्यावरून ओरडला, "फेकलेली संत्री व्यापारी घेत नाही, हे सांग तुह्या सरले!" आणि कौशल्याने फोनवर हात ठेवून त्याला गप्प केलं.

तिथून ते सुरू झालं. कौशल्या दुपारी एक उदाहरण घ्यायची, लेकीचे शब्द बोटाने वाचत वाचत उलगडायची, गुंतली की संध्याकाळची वाट पाहायची. आणि ती गुंतायचीच. तिच्या डोक्यात काही फार मोठा प्रकाश पडत नव्हता. गुणाकार चुकायचे, एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. दामिनी आधी नाक मुरडायची, मग समजावताना रंगून जायची. "अवं आई, कालच सांगितलं ना!" असं ती म्हणे, तेव्हा त्या रागातली लेक कौशल्याला ओळखीची वाटे.

अर्थशास्त्रातली एक गोष्ट तिला फार दिवस पुरली. त्यातला एकजण शेतात गहू लावू शकत होता नाही तर कापूस. कापूस लावला, तर न लावलेला गहू हासुद्धा त्याचा खर्चच, असं पुस्तक म्हणत होतं. वर दामिनीचे शब्द: संधी खर्च.

"जे केलंच नाही, त्याचा खर्च?" कौशल्याने विचारलं. "तो मांडून ठेवते कोण?"

"कोणीच नाही मांडत," दामिनी म्हणाली. "ज्याचा त्याले माहीत असते."

मग दोघींनी विषय बदलला.

खरी मजा झाली ती प्रोग्रामिंगला. कॉम्प्युटर घरात नव्हता. दामिनी म्हणाली, तू कागदावर मराठीत पायऱ्या लिही, फोटो पाठव, मी इकडे मोबाइलवर चालवून पाहते. उदाहरण होतं टोपलीतली फळं मोजायचं. यापेक्षा सोपं काय? उभ्या आयुष्यात कौशल्याने दुसरं काय केलं होतं? तिने कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं: पहिलं फळ उचल, लाभ म्हण. पुढचं उचल, मोजणी एकाने वाढव. फळं संपेपर्यंत असंच कर.

थोड्या वेळात फोन आला.

"आई, तुह्या टोपलीतलं एक संत्रं चोरीले गेलं."

"कसं जाईन चोरीले?"

"यंत्र एक कमी सांगून राहिलं. तू पहिलं उचलून नुसतं लाभ म्हणते. मोजलं कुठं?"

"पहिल्याले एक म्हणतात का कधी? पहिलं देवाचं. लाभ म्हणावं अन् पुढं जावं."

आता आपल्याकडे धान्य मापताना, फळं मोजताना तोंडातून पहिल्यांदा 'लाभ'च निघतो आणि पुढचं एकदम 'दोन'. माणसाला त्यात घोटाळा होत नाही, कारण लाभाच्या पोटात एक आहे हे त्याला ठाऊक असतं. यंत्राला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्याने लाभ म्हटलं, हात जोडले आणि दुसऱ्या फळापासून एक, दोन करत निघालं. दामिनी हे समजावू लागली आणि मधेच फुटली. हसली, अशी हसली की तिला बोलता येईना. कौशल्या कानाला फोन लावून नुसती ऐकत राहिली. हे हसू तिने वैशाखाच्याही आधीपासून ऐकलं नव्हतं.

"पण एक सांगू का," दामिनी दम घेत म्हणाली, "रांगेतल्या वस्तूईले नंबर देताना पहिलीले यंत्रबी एक नाही म्हणत. शून्य म्हणते."

"पाह्य! म्हणजे त्याचाबी लाभच हाये."

मागून सासूचा, माणिकबाईंचा आवाज आला. "सूनबाई, तुमची माय या वयात शाळेत जाऊन राहिली का? दफ्तर पाठवू का तिले?" त्यावर नितेश काहीतरी बोलला आणि तिकडेही हसणं झालं. कौशल्याला राग आला नाही. माणिकबाई टोचून बोलणारी खरी, पण टोचून थांबणारी. पुरून ठेवणारी नव्हती.

पौषात संत्र्याच्या बागेचं पाणी तोडलं. आंबिया बहरासाठी झाडाला ताण द्यावाच लागतो, पानं मलूल होईस्तोवर थांबायचं, त्याशिवाय फूल येत नाही. त्याच दिवसांत कौशल्या त्या पानाशी येऊन पोचली.

उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं उदाहरण होतं. वरच्या दोन ओळींवर पेन्सिल होती. तिसऱ्या ओळीत एका शब्दावर 'घर्ष' एवढंच लिहिलेलं होतं. पुढे काही नाही. तिने पान उलटलं. कोरं. आणखी उलटलं. छापील इंग्रजीशिवाय शेवटपर्यंत काहीच नव्हतं. अंधारात पायरी चाचपावी आणि ती नसावी, तसं तिला झालं. इतके दिवस ती लेकीच्या अक्षराचं बोट धरून चालत होती.

संध्याकाळी तिने विचारलं. "दामिनी, ठोकळ्याच्या पानावर 'घर्ष' लिहिलं हाये. पुढचं?"

"घर्षण."

"अन् त्याच्या पुढचं?"

तिकडे स्वयंपाकघराचं दार लोटल्याचा आवाज आला.

"त्या दिवशी सरनं वर्गात उभं केलं होतं," दामिनी म्हणाली. "उत्तर येत होतं आई. मराठीत येत होतं. इंग्रजीत जमलं नाही, अन् पोट्टे हसले. रूमवर येऊन पुस्तक उघडलं, तेवढं लिहिलं अन् मिटलं. तिथून पुढचं मलेच येत नाही. आता नको विचारू."

"बरं," कौशल्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवली का, हो, ठेवते. मग एक दिवस फोनच आला नाही, मग दोन दिवस. कौशल्याने स्वतःहून लावला नाही. उगाच उकरलं, असं तिला वाटत होतं. पोरीने झाकून ठेवलेलं पान आपणच उघडं केलं. गजेंद्रने विचारलं, "सरची सुट्टी का?" तिने सूप उचलून ज्वारी पाखडायला घेतली. मग म्हणाला, "तिले तवा मी विचारायले पाहिजे होतं वाटते." एवढं बोलून तो बागेत निघून गेला. पाणी तोडलेल्या झाडांतून फिरत राहिला.

ती महानुभावांच्या तीर्थाला, रिद्धपूरला जाऊन आली. स्थानावर डोकं ठेवलं. मागायचं नाही हे पक्कं होतं, म्हणून मागितलं नाही. पण उठायला नेहमीपेक्षा उशीर झाला. बाहेर चपला घालताना तिच्या मनात आलं, ताण दिल्याशिवाय फूल येत नाही हे खरं, पण ताण एक दिवस जास्त झाला की झाड वाळतं, हेही तितकंच खरं. आणि तो एक दिवस कोणता, हे झाड सांगत नाही.

बाग फुलावर आली, साऱ्या गावात संत्र्याच्या फुलांचा वास भरला, तेव्हा भर दुपारी फोन वाजला. दामिनी दुपारी कधी फोन करत नसे.

"आई, ते पुस्तक हाये ना अजून?"

"हाये की. जाईन कुठं?"

"मी राहिलेल्या पेपरचा फॉर्म भरून राहिली. हे म्हणतात भर. म्हणतात, मायले शिकवताना जशी बोलत होती तशी घरात बोलत नाहीस, ते सुरू कर. सासूबाई म्हणतात, स्वयंपाक करून काय करायचं ते कर." मग आवाज बारीक झाला. "तुले लागते का पुस्तक?"

कौशल्याने कोनाड्याकडे पाहिलं. दुपारभर तिला दुसरं काय होतं? पुस्तक गेलं की प्रश्न गेला, आणि प्रश्न गेला की फोन परत भाकर-वांग्यावर येणार, हे तिला लख्ख दिसलं.

"मले कायले लागते?" ती म्हणाली. "मी उद्याच घेऊन येते."

पार्सलने पाठव, असं गजेंद्र म्हणाला. तिने ऐकलं नाही. पुस्तक जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं आणि अमरावतीला गाडी बदलून ती अकोल्याला गेली. सारा वेळ गाठोडं मांडीवर. जुन्या शहरातल्या बोळात दार दामिनीनेच उघडलं. पिठाचे हात पदराला पुसून तिने आधी पुस्तक घेतलं, मग आईला आत घेतलं. माणिकबाई म्हणाल्या, "या मास्तरीणबाई," आणि चहा स्वतः टाकला.

त्यानंतर फोन येत राहिले, पण आखूड. "आई, अभ्यास हाये, ठेवते." कौशल्या "ठेव" म्हणायची आणि तिकडचा आवाज बंद झाल्यावरही थोडा वेळ कानाशी फोन धरून असायची. कोनाड्याशेजारी पुस्तकाएवढी जागा रिकामी होती. तिथं तिने काही ठेवलं नाही. लेक वरच्या टोकाला होती की खाली येत होती की आणखी वर जाणार होती, हे इथून कळायला मार्ग नव्हता. ओढ मात्र होती तेवढीच होती.

चैत्रात एका दुपारी मोबाइलवर एक फोटो आला. सोबत निरोपाचा एक शब्द नव्हता. ठोकळ्याचं पान होतं. 'घर्ष'च्या पुढे 'ण' आला होता, नव्या पेन्सिलीचा, बाकीच्या अक्षरांपेक्षा काळा. आणि त्याच्या खालच्या ओळींवर, पानाच्या तळापर्यंत, बारीक बारीक शब्द.

अक्षर फार लहान होतं. कौशल्याने मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग ओट्याकडे तोंड करून म्हणाली,

"अहो, तुमचा चष्मा आणा जरा."

"आता काय फेकलं वर?" गजेंद्र म्हणाला, आणि चष्मा शोधायला उठला.