दुपट्ट्यातली ट्यूबलाइट

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, नवी ट्यूबलाइट आणायला जाताना जुनी सोबत न्यायचे. दुपट्ट्यात गुंडाळून, छातीशी धरून, मेहकरच्या बसमध्ये. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, हे काय घेऊन राह्यले?" की म्हणायचे, "लेकरू हाय. अर्धं फाड."

नमुना दाखवल्याशिवाय त्यांचा दुकानदारावर विश्वास नसे. आणि ट्यूब गेली हेही ते सहज मान्य करत नसत. आधी जागेवर फिरवायची, मग स्टार्टर बदलायचा, मग उतरवून टोकं तपासायची. टोकं काळी दिसली, तरच "गेली बिचारी."

स्वयंपाकघरातल्या ट्यूबचा चोक घुमायचा, डोक्यावर भुंगा बसल्यासारखा. मी वैतागले होते. म्हणून मागे ती ट्यूब गेली तेव्हा, मामाजी बाहेर असताना, यांनी जुनी पट्टीच काढून एलईडी लावला. लख्ख उजेड, आवाज नाही. मला आवडला.

संध्याकाळी मामाजी जेवायला आले आणि उंबऱ्यातच थांबले. भिंतीवर हात.

"सूनबाई, लाइट गेली काय?"

हे हसायच्या बेतात होते. मी डोळ्यांनीच गप्प केलं. "हाव मामाजी. थांबा, हात द्या."

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून टिकवू. इतके दिवस मामाजी त्या घुमण्याच्या रोखानं चालत येत होते. आम्हाला वाटायचं, दिसतं.

दवाखान्यातून तसेच दुकानात गेलो. जुनी पट्टी परत लावायची होती, फक्त ट्यूब हवी होती. दुकानदार म्हणाला, "काकू, चोकबी बदला. घुमणं बंद होईल."

"चोकाले हात लावायचा नाही," मी म्हटलं.

मामाजींनी माझ्याकडे मान वळवली. "तुले तं तरास होते न त्याचा?"

"होते. होऊ द्या."

त्यानंतर ते शेवटपर्यंत जेवायला आपले आपण आले, कुणाचा हात न धरता.

त्यांना जाऊन वर्ष होत आलं. परवा ती ट्यूब गेली. फिरवून पाहिली, स्टार्टर बदलला. टोकं काळी. हे म्हणाले, "आता तरी एलईडी लावू." व्यवहारानं बरोबरच होतं. मी दुपट्टा काढला.

कंडक्टर नवा होता. "काकू, हे काय होय?"

"लेकरू हाय. अर्धं फाड."

तो हसला. "काकू, बायांचं तं आता तसंबी अर्धंच असते!"

मामाजींनी हे ऐकायला हवं होतं.