पाठीतलं बोट

तळोद्याच्या तालमीत कंदिलाच्या उजेडात कोणी सरावाच्या बुटक्या मल्लखांबाच्या टोकावर हात टेकून अंग आडवं तोलून धरलं, की एक कापडवाले मागून येऊन त्याच्या पाठीत, खांद्याच्या पात्यावर बोट खुपसत. “खांदा कानले लाई ऱ्हायना तू! पाठनी पाती खाले दाब!” त्यांनी स्वतः मल्लखांबाला कधी हात लावला नाही. दुकानात धोतर घ्यायला गेलो तरी तेच बोट! जीव कावून जायचा.

त्यांची आई गेली. थोरला भाऊ मडकं घेऊन पुढे, तिरडीला खांदा दिलेला मी, माझ्यामागे हे. रडून रडून आवाज बसलेला. तरी वाटेत पाठीत बोट टोचलंच.

“पाती खाले दाब रे. मन्ही माय हाली ऱ्हायनी.”