एका घरात दोन बहिणी

टेरियर कुत्रा भांडतो तेव्हा आवाज होत नाही. गल्लीतली कुत्री आधी ओरडतात. अर्धं भांडण ओरडण्यातच संपतं आणि हरलेलं कुत्रं शेपूट पोटाखाली घालून नालीच्या कडेनं निघून जातं. टेरियर धरतो. धरल्यावर डोळे अर्धे मिटतो आणि मान हलवतो. खेचलं तर मांस फाटतं, मारलं तर जबडा आणखी आवळतो. प्रेमानंद रामटेकेला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्याची चूक अजाणतेपणाची होती असं म्हणता येत नाही.

लकडगंजातल्या एका आरा मशीनवर त्यानं एकतीस वर्षं लाकूड कापलं. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. जाताना दुखलं नाही; आधी त्याला लाकडाचा रंग बदललेला दिसला. मालकानं घुशींसाठी एक टेरियर ठेवला होता, मांजराहून थोडा मोठा, पांढरा, एका कानावर तपकिरी डाग. लाकडाचा ढीग हलवला की खालून घुशी निघत. कुत्रा एकेकीला मानेला धरी, एक झटका देई, टाकून पुढचीकडे वळे. तो रागावलेला कधी दिसला नाही. प्रेमानंद हातातलं काम सोडून ते पाहत उभा राही. मशीन विकली गेली तेव्हा नव्या मालकाला कुत्रा नको होता. प्रेमानंदनं त्याला थैलीत घालून सायकलच्या हँडलला अडकवलं आणि जरीपटक्यामागच्या वस्तीत, आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणलं.

तो कुत्रा तेरा वर्षांचा होऊन मेला. त्याच्या शेवटच्या आजारपणात जनावरांच्या डॉक्टरकडे वेदिका नावाची मुलगी भेटली. ती एका कंपनीत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात, लोकांनी हौसेनं घेऊन टाकून दिलेल्या टेरियर कुत्र्यांना घरं शोधणाऱ्या एका ग्रुपचं नागपूरचं काम पाहायची. तिनं प्रेमानंदचा हात पाहिला, त्या हातात शांत पडलेला कुत्रा पाहिला आणि नंबर लिहून घेतला. पुढच्या सात वर्षांत त्याच्या घरी चार टेरियर आले. सगळे म्हातारे, आंधळे, किंवा चावके म्हणून हाकललेले. चारही त्याच्या घरात मेले, आणि चारही झोपेत मेले.

मग या दोघी आल्या.

शहराबाहेर कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये कोणीतरी जॅक रसेल टेरियर पैदा करून विकायचा धंदा काढला होता. गिऱ्हाईक आटलं तसा तो शेडला कुलूप घालून निघून गेला. कुलूप तुटलं नऊ दिवसांनी. चौदा कुत्र्यांतली पाच जिवंत होती. त्यातल्या दोन बहिणी एकाच पिंजऱ्यात होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची आई होती. आईचं जे उरलं होतं त्याचा फोटो वेदिकानं काढला नाही.

"काका, दोघींना वेगळं ठेवलं की जेवत नाहीत," वेदिका म्हणाली. "ग्रुपनं ठरवलंय, जातील तर जोडीनं जातील."

"एका घरात दोन माद्या नाही ठेवत, वेदिका. टेरियरच्या त नाहीच."

"बहिणी आहेत काका."

"म्हणून त म्हणून राहिलो."

प्रेमानंदची बायको माया चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "काहून जी? मी आन् माही बहीण नाही राहिलो का एका घरात, सोळा वर्षं?"

"तुह्या बहिणीचे दात असे नोते."

"तुमी पाह्यले नाही तिचे दात."

वेदिका हसली, माया हसली. प्रेमानंदनं सही केली. नऊ दिवसांच्या पिंजऱ्यातून जे उरतं त्याला सगळे जिव्हाळा म्हणत होते, आणि तो जिव्हाळा नाही हे सांगायला लागणारे शब्द त्याच्याकडे नव्हते. शिवाय त्याला त्या हव्या होत्या. मायानं मोठीला लवंग म्हटलं आणि लहानीला विलायची. लवंग मायाच्या मागे मागे फिरायची. विलायची प्रेमानंदच्या खाटेखाली, त्याच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपायची.

तेविसाव्या दिवशी कांदे-बटाट्याची गाडी भोंगा वाजवत गल्लीत आली. दोघी फाटकाकडे धावल्या. फाटक बंद होतं. गाडीपर्यंत पोचता येईना तशा एकमेकींवर वळल्या. माया ओरडली. प्रेमानंदनं लवंगचे मागचे पाय उचलून धरले आणि मायाकडे फळीवरची पाचर मागितली. जाड लाकूड कापताना चिरेत पाचर ठोकतात, नाहीतर लाकूड आवळून पातं धरून ठेवतं. तशीच बोटभर सागवानी पाचर त्यानं पहिल्या कुत्र्याच्या वेळी तासून ठेवली होती. दाढांच्या मागून सारायची आणि फिरवायची. जबडा सुटला. लवंगच्या गालाला भोक पडलं होतं. विलायचीचा अर्धा कान लोंबत होता. तो त्यानं कात्रीनं काढला.

ग्रुपचा नियम होता, दर रविवारी कुत्र्यांचा व्हिडिओ पाठवायचा आणि भांडण झालं तर लिहायचं. दोन भांडणं लिहिली गेली की कुत्री परत जात. माणसाला चावा लिहिला गेला की त्या कुत्र्याला दुसरं घर शोधायचं नाही, असंही ठरलेलं होतं. मग तिघांची समिती बसे. सात वर्षांत समिती दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा डॉक्टरनं कायमचं झोपवणारी सुई दिली होती. प्रेमानंदनं रविवारी लवंगचा चांगला गाल आणि विलायचीचा चांगला कान धरून व्हिडिओ काढला. "मस्त आहेत दोघी," असं त्याखाली लिहिलं.

दुसरं भांडण बारा दिवसांनी झालं, कारणाशिवाय. तेव्हा त्याला दिसलं की सुरुवात लहानी करते. लवंग अंगानं मोठी, तिचं तोंड रक्तानं माखायचं, म्हणून पाहणाऱ्याला ती गुन्हेगार वाटे. पण विलायची आधी कुठेतरी दुसरीकडे पाहत हळूहळू जवळ सरकायची. त्या रविवारीही त्यानं व्हिडिओ काढला, दोघी झोपलेल्या असताना. मायानं पाहिलं आणि भांड्यांकडे वळली.

एप्रिलमध्ये एका दुपारी माया कूलरमध्ये बादलीनं पाणी भरत होती. लवंग तिच्या पायाशी, ओल्या फरशीवर पोट लावून पडली होती. विलायची खाटेखालून निघाली. प्रेमानंद मोरीत कपडे धूत होता. त्यानं मायाची हाक ऐकली तोवर लवंगचा गळा विलायचीच्या तोंडात होता. फरशीवर पाणी होतं आणि पाण्यात लाल रंग पसरत होता. पाचर फळीवर होती, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तो फळीकडे धावला, आणि मायानं तेवढ्या वेळात ते केलं जे कधी करायचं नसतं. तिनं हात मध्ये घातला.

विलायचीनं एका क्षणासाठी लवंगला सोडलं, मायाचा तळहात आरपार धरला, तीनदा मान हलवली, हात टाकला आणि परत गळ्यावर गेली. प्रेमानंदनं हे सगळं पाहिलं. कपडे धुवायची लाकडी मोगरी अजून त्याच्या हातात होती. त्यानं ती विलायचीच्या पाठीवर घातली. एकदा, मग पुन्हा. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा त्याला कळलं की हे सोपं आहे, हात सैल आहे, खांद्याला कुठेच कष्ट पडत नाहीत. कुत्रीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. त्यानं मोगरी टाकली, फळीवरची पाचर घेतली, गुडघ्यांवर बसला आणि ती सारली.

शेजाऱ्यानं मायाला दवाखान्यात नेलं. प्रेमानंद लवंगला चादरीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टर सुमंतकडे गेला. ऑटोत तिचं रक्त त्याच्या पँटीतून मांडीला लागत होतं, कोमट. डॉक्टरनं टेबलावर तिला पाहिलं आणि मान हलवली.

"श्वासनळीजवळ आहे. करतो प्रयत्न. माणसाला चावलं का कोणी?"

"बायकोला."

"कोणती?"

लवंगची जीभ पांढरी पडली होती. प्रेमानंदनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हीच."

डॉक्टरनं कार्डावर लिहिलं आणि ग्रुपला कळवलं.

लवंग मेली नाही. पहिल्या रात्रीतून निघाली, दुसरी काढली, चौथ्या दिवशी तिनं दूध घेतलं. पाचव्या दिवशी वेदिकाचा फोन आला. तिचा आवाज रडून बसलेला होता.

"काका, समिती बुधवारी बसतेय. मी सांगून पाहिलं, पहिलाच चावा आहे म्हणून. पण काकूंच्या हाताचे फोटो पाहून कोणी ऐकत नाही. लवंग वाचेल असं मला वाटत नाही."

फोन ठेवून तो वळला तर माया दारात उभी होती. हाताला कोपरापर्यंत पट्टी, आत अकरा टाके. दोन बोटं वळत नव्हती.

"लवंग नोती जी ते."

"माहीत आहे मले."

"मंग काहून सांगितलं तिचं नाव?"

"मरून राहिली होती ते. मले वाटलं, मरणारीच्या नावावर गेलं त दुसरी वाचन."

"आता दोघी जित्या आहेत."

तो खाटेवर बसला. खाली विलायची होती. पाठ सुजलेली, हनुवटी त्याच्या चपलेवर.

"मी बोलतो वेदिकाशी," तो म्हणाला. "सांगतो, कोण चावलं ते पक्कं दिसलं नाही. गडबडीत."

"पुन्हा खोटं."

"तुले विलायचीले मारायचं आहे का? खरं सांगितलं त बुधवारी तिले सुई आहे, समजते का तुले?"

"ओरडू नोका." ती खुर्चीवर बसली. पट्टीचा हात दुसऱ्या हातानं मांडीवर नीट ठेवला. "प्रशिक पोटात होता तवा तुमी मले मारलं होतं. ध्यानात आहे?"

त्यांचा मुलगा प्रशिक आता तेहतीस वर्षांचा होता, हैदराबादला नोकरीला होता.

"मी मायले सांगितलं, मोरीत घसरली. मले वाटलं, चांगला माणूस आहे, मशीनवर त्रास असन, एखाद्या बारी होते. मंग दुसऱ्या बारी झालं. मी पुन्हा मोरीच सांगितली. माय म्हणे, काय वं, तुह्या घरची मोरी लय चिकट आहे." ती थोडी हसली. "तिसऱ्या बारी मी दादाले सांगितलं. साऱ्या वस्तीसमोर. मंग झालं नाही पुन्हा. तुमी चांगले झाले म्हणून नाही झालं, असं नोका समजू. लोकाइले माहीत झालं म्हणून नाही झालं."

कूलर चालू होता. पाणी संपलं होतं आणि तो कोरडा फिरत होता.

"पहिल्या रविवारी तुमी तिचा चांगला गाल दाखवला, तवाच मले समजलं होतं," माया म्हणाली. "मी बोलली नाही. म्हणून हा हात माहाही गुन्हा आहे. फोन लावा."

"सुई देतील तिले."

"लावा. मंग भांडू त्याइच्याशी. खरं सांगून भांडू."

त्यानं फोन लावला. तेविसावा दिवस सांगितला, पस्तिसावा सांगितला. कान कात्रीनं कापल्याचं सांगितलं, व्हिडिओ कसे काढले ते सांगितलं, चावणारी कोण ते सांगितलं. मोगरीपाशी येऊन तो थांबला. मायानं पट्टीच्या हातानं त्याच्या खांद्याला ढोसलं तेव्हा तेही सांगितलं.

पलीकडे वेदिकानं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी बुधवारी लवंगला मारून टाकलं असतं. तुमच्या शब्दावर."

"हो."

"तुम्हाला मी यापुढे एकही कुत्रं देणार नाही."

"नोको देऊ."

बुधवारी समितीनं त्याला फोनवर दीड तास बसवलं. ते तिघं होते, तिघंही परगावचे, आणि त्यातल्या एकानं त्याला सरळ खुनी म्हटलं. प्रेमानंदनं ऐकून घेतलं. माया बाजूला बसून हात पुढे करत होती आणि फोनला सांगत होती, "हात माहा आहे. मी मध्ये घातला. मले विचारा नं." शेवटी ठरलं ते असं. दोघी जिवंत राहतील, याच घरात, पण दुसऱ्या कोणाला कधी द्यायच्या नाहीत. दोघी पुन्हा कधी, एका मिनिटासाठीही, एका खोलीत यायच्या नाहीत. वेदिका वाटेल तेव्हा येऊन पाहील. एकदा जरी दोघी एकत्र सापडल्या, तर दुसऱ्या दिवशी सुई, आणि ती एकीला नाही.

घराला दोनच खोल्या होत्या. पुढची मायाची आणि लवंगची झाली, मागची प्रेमानंदची आणि विलायचीची. स्वयंपाक मागच्या खोलीत. माया स्वयंपाकाला आली की तो विलायचीला साखळी लावून मागच्या आंगणात बसे, आणि लवंगच्या खोलीचं दार आधी ओढून घेतलेलं असे. चौतीस वर्षं दोघं एकाच खोलीत निजली होती. आता जेवताना दाराच्या दोन बाजूंना बसत आणि मोठ्यानं बोलत.

जुनं दार प्लायवूडचं होतं, खालून कुजलेलं. लवंग घरी यायच्या आदल्या दिवशी प्रेमानंदनं ते काढून टाकलं आणि सागाच्या फळ्यांचं नवं दार स्वतः बनवलं. तीन बोटांच्या हातानं फळी दाबून, दुसऱ्यानं करवत चालवून. बिजागऱ्या बसवल्या, खालची फट पट्टीनं बुजवली. विलायची आंगणात खांबाला बांधलेली होती. मग त्यानं कडी हातात घेतली.

"दोन्हीकून लावू का?" त्यानं विचारलं.

"एकच लावा," माया म्हणाली. "माह्या बाजूनं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती पट्टीचा हात पोटाशी धरून उभी होती आणि दाराकडे पाहत होती, त्याच्याकडे नाही. त्यानं पुढच्या खोलीत जाऊन तिच्या बाजूला कडी ठोकली, चारही स्क्रू आवळले. मग मागच्या खोलीत आला आणि दार ओढून घेतलं. पलीकडून कडी सरकली.

"ढकला," माया म्हणाली.

त्यानं हातानं ढकललं. दार हललं नाही.

"खांदा लावा जी. जोरानं."

त्यानं खांदा लावला. फळी करकरली आणि थांबली.

"आणखीन," ती म्हणाली.