ईराच्या पिकनिकची रंगीत तालीम

ऑटिझम असलेलं मूल घरात असलं की भांड्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. भांडी निदान मोडीत तरी घालता येतात! पनवेलला आमच्या थेरपी सेंटरबाहेर पालकांसाठी एक बाकडं आहे. मुलं आत, आपण बाहेर, पाऊण तास. तिथे असे किस्से रोज ताजे मिळतात. हे आमच्या वाट्याचे.

माझी ईरा नऊ वर्षांची. बोलते कमी, पण ऐकू येतं जरा जास्तच. भोंगे, टाळ्या, गर्दी, सगळं तिच्या अंगावर येतं. आजवर तीन लग्नं, दोन वाढदिवस आणि एक सर्कस आम्ही अर्ध्यात सोडून आलोय. म्हणून या उन्हाळ्यात मी हट्टालाच पेटले. एक थीम पार्क, एक अख्खा दिवस. पोरीला एकदा तरी घराबाहेर खुदकन हसताना बघायचं होतं मला. बाकी काही नको.

*

आधी पार्कला फोन केला.

"तुमच्याकडे एखादी शांत जागा आहे का हो? आवाज नसलेली?"

पलीकडचा माणूस दुखावलाच. "नाही मॅडम! पूर्ण पार्कमध्ये म्युझिक आहे. टॉयलेटमध्येपण स्पीकर आहेत!"

"अहो, मुलीला आवाजाचा त्रास होतो."

"मग तिला राइडवर बसवा ना मॅडम! तिथे सगळे इतके ओरडतात, म्युझिक ऐकूच येत नाही!"

*

ईराला दिवसभरात काय काय होणार ते आधी चित्रांतून दाखवावं लागतं. एक काम, एक कार्ड. झालं की कार्ड काढून ठेवायचं. हे काम माझ्या नवऱ्याने, मिलिंदने घेतलं आणि तो सुटलाच! एक्सेलमध्ये मिनिटामिनिटाचा तक्ता झाला. दहा दहाला टॉयलेट, दहा वीसला बोट, दहा सदतीसला पाणी पिणे. मी म्हटलं, "सदतीसच का? चाळीस कर." तर रात्री जेवला नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"पोरगी कोणावर गेलीय, ते आज कळलं!"

*

शिरढोणच्या सुनंदाताई आमच्या बाकड्यावरच्या सीनियर. त्यांचा मुलगा आता सोळाचा आहे. त्यांनी सल्ला दिला, "अगो, आधी सराव कर. माज्या दिराच्या लग्नाला आमी याला चार दिवस आधी रिकाम्या मांडवात फिरवला. हळदीला एवढा डीजे वाजला, पन हा गप बसला. नवरदेवच रडत व्हता!"

म्हणून रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रांगेत उभं राहायची प्रॅक्टिस ठेवली. मिलिंद, ईरा, मी आणि शेवटी सासूबाई. दर दोन मिनिटांनी एक पाऊल पुढे. ईरा छान उभी होती. थोड्या वेळाने मागे वळून बघते तर रांगेत चौदा माणसं! दोघांच्या हातात पिशव्यासुद्धा.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांनी सासूबाईंना हळूच विचारलं, "काय मिळतंय?"

सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "अजून कळलं नाही. पण नंबर सोडू नका!"

*

पार्कच्या दारात स्वागताला ढोल. ईराने कानांवर हेडफोन चढवले आणि ती शांतपणे बोटं मोडत उभी राहिली. इकडे आम्हाला वीस मिनिटं उशीर झालेला, त्यामुळे मिलिंद डोकं धरून येरझाऱ्या घालत होता. "दहा दहाचं टॉयलेट गेलं... दहा वीसची बोट गेली..."

मी तिकिटाच्या खिडकीत ईराचं दिव्यांग कार्ड दिलं. आतल्या मुलीने फोटो बघायचे कष्ट घेतले नाहीत. तिने आधी ईराकडे पाहिलं, मग मिलिंदकडे, आणि अगदी मायेने मला म्हणाली,

"काळजी करू नका मॅडम. आत गेल्यावर सरांना बरं वाटेल."

*

पण पार्कात काही जमेना. बोटीत ईराने डोळे उघडलेच नाहीत. मोठ्या पाळण्यापाशी तिने जमिनीवर बसकण मारली. लोक बघायला लागले. एक बाई म्हणाल्या, "लाडावलीय!" जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी कार्डं संपली, हसू काही आलं नाही. खरं सांगते, मी कट्ट्यावर बसून रडले. मिलिंदने तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "चल, घरी जाऊ."

बाहेर पडायच्या वाटेवर तीन दांड्यांचं एक फिरतं गेट होतं. एका वेळी एकच माणूस जातो, तसलं. ईराने दांडी ढकलली. खट् करून गेट फिरलं, ती पलीकडे गेली आणि थबकली.

आणि हसली. खुदकन!

शेजारी साठीचे एक गार्डकाका होते, बोलण्यावरून उरणकडचे. त्यांनी तिच्याकडे बघितलं, बाजूचं छोटं दार उघडलं आणि तिला परत आत घेतलं. खट्. हसू. परत दार. परत खट्. दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. मिलिंद ओशाळून म्हणाला, "सॉरी काका, राइड सोडून इथेच..."

"सॉरी कशाला? पालन्यात बसली काय न इथं फिरली काय, एकच हाय!"

तोवर मागे बाहेर पडणाऱ्यांची ही गर्दी झाली. गॉगलवाला एक गृहस्थ तापला. "अहो, काय चाललंय काय? आम्हाला बाहेर जायचंय!"

काकांनी हात आडवा धरला.

"वाईच दम धरा, सायब. राइड चालू हाय."