मळवलेलं इंजिन

वडिलांची हयात पूर्णेच्या लोको शेडमध्ये कोळशाची इंजिनं पुसण्यात गेली. रिटायर होऊन ते माझ्याकडे परभणीला राहायला आले, तेव्हा मी त्याच इंजिनाचं वीतभर मॉडेल बनवत होतो. नवंकोरं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, म्हणून ते मळवावं लागतं. मी चाकांना शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून लावली, धुराड्याला काजळी फासली, बॉयलरवर चुन्याच्या पाण्याचे ओघळ काढले. वाळायला ओसरीवर ठेवलं आणि आंघोळीला गेलो.

येऊन बघतो तर वडील ओल्या पंच्यानं इंजिन घासून लख्ख करायलेत.

"असं घाण इंजिन लाईनीवर काढतेत व्हय? लोकं म्हणतील, शेडमधली माणसं मेली का काय!"

माझं डोकंच फिरलं. मी पुन्हा मळवलं, त्यांनी पुन्हा पुसलं. असं आमचं लय दिवस चाललं.

आता वडील नाहीत. मी अजूनही ते इंजिन मन लावून मळवतो, ओसरीवर ठेवतो आणि आंघोळीला मुद्दाम जास्त वेळ लावतो. बाहेर येऊन बघतो, तर ते तसंच मळकं असतं.