मर्डोची बोटं

मर्डो गिलिसने कुणाला बरं म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नाही. माझ्या लग्नात त्याने केकचा तुकडा खाल्ला, मिशी पुसली आणि माझ्या आईला सांगितलं, "मनुके नीट भिजले नाहीत." त्याची बायको ऑड्री बहिणीकडे म्हणून ब्रिस्बेनला गेली ती परत आलीच नाही. गावात कुणी कारण विचारलं नाही.

उभी हयात त्याने आमच्या माताउरा गावच्या मटण गोठवायच्या कारखान्यात हाडं सोडवण्याच्या कामावर काढली. कातडीच्या आत काय मोडलंय आणि काय शाबूत आहे, हे त्याच्या बोटांना न बघता कळायचं. त्या बोटांच्या जोरावर तो आमच्या भागातल्या शिकारी कुत्र्यांचा न्यायाधीश होऊन बसला होता. नेमलं कुणीच नव्हतं.

गोळी लागून पाण्यात पडलेलं बदक कुत्र्याने अलगद तोंडात धरून आणायचं असतं. काही कुत्री जबडा आवळतात, मग फासळ्यांचा चुरा मांसात शिरतो आणि बदक वाया जातं. असा संशय आला की लोक कुत्रं आणि बदक दोन्ही घेऊन मर्डोच्या दारात उभे राहायचे. तो बदक तळहातावर घ्यायचा, एका कुशीला अंगठा, दुसऱ्या कुशीला बोटं लावायचा आणि डोळे मिटायचा. मग एकच शब्द. "शाबूत," नाहीतर "मोडलंय." मोडलं असेल तर त्याच्या मते औषध एकच होतं आणि ते बंदुकीत भरायचं होतं. "जबडा रक्तातून येतो," तो म्हणायचा. "आज दया दाखवशील, उद्या त्याच जबड्याची पिल्लं गावभर होतील."

मालक काकुळतीला यायचे. कुणाचा तरी पाय पडला असेल मर्डो, होडीत चिरडलं असेल. हे ऐकलं की त्याला चेव यायचा. "पाय पडला? अरे, तुम्ही बदकं मारायला येता की नाचायला? ज्याचं बघावं त्याचं बदक पायाखाली!" हे तो चारचौघांत म्हणायचा, चारचौघे हसायचे, आणि तो मालकही बिचारा हसायचा.

क्लेम बॉयड असाच हसला होता. क्लेम माझा शेजारी, कुंपणापलीकडची मेंढरं त्याची. त्याची डॉट नावाची कुत्री होती, त्याच्या मुली तिच्या पोटावर डोकं ठेवून टीव्ही बघायच्या. डॉटने आणलेलं बदक मर्डोने चाचपलं आणि म्हणाला, "मोडलंय." क्लेम म्हणाला, "अरे, आपल्या टेरीचा पाय पडला त्याच्यावर. मी बघितलं." मर्डोने आपलं ते नाचण्याचं ऐकवलं. त्याच संध्याकाळी क्लेमने डॉटला मेंढरांच्या गोठ्यामागे नेऊन स्वतःच्या हाताने मारलं. मर्डोचा शब्द तो शब्द. त्यानंतर क्लेमने कुत्रं पाळलं नाही, पण माईमाईत, आमच्या शिकारीच्या झोपडीत, मर्डोच्या मागची जागाही सोडली नाही. आमच्याकडे माणसं भांडून वेगळी होत नाहीत. जवळ बसून वाट बघतात.

माईमाई माझ्याच तळ्यावर आहे. पाण्यात खांब रोवून बांधलेली, फ्लॅक्सच्या लांब गवती पात्यांनी झाकलेली ही दबा धरून बसायची झोपडी माझ्या नवऱ्याने, नीलने, बांधली. नील गेला, पण मे महिन्याचा पहिला शनिवार आला, म्हणजे आमच्याकडे थंडी आणि बदकांचा हंगाम सुरू झाला, की ही मंडळी अंधारात माझ्या फाटकातून आत शिरतातच: मर्डो, क्लेम आणि दुधाचा टँकर चालवणारा टेरी. उजाडल्यावर मी न्याहारी घेऊन जाते.

मर्डोचं म्हातारं कुत्रं मेलं तेव्हा त्याने फर्न आणली. काळी लॅब्रॅडोर. तिला शिकवताना त्याने घाई केली नाही, हे माझा त्याच्यावर राग असूनही मी सांगेन. ती जेवत असताना आधी पातेल्याचं झाकण वाजवायचं, मग लांबच्या कुरणातून बार काढायचा, मग जवळून. म्हणजे आवाज झाला की तिला भीती न वाटता भूक लागावी. कॅनव्हासची गुंडाळी आणायला शिकवली, मग त्या गुंडाळीला बदकाचे पंख बांधले, मग मेलेलं कबूतर. शेवटी कच्चं अंडं. माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यापासून त्याच्या गाडीपर्यंत फर्न तोंडात अंडं धरून चालत जायची आणि त्याच्या हातात ठेवायची. अंड्याला तडा नसायचा. "बस" म्हटलं की ती बसायची, आणि तिचं नाव घेतल्याशिवाय उठायची नाही, मग समोरून ससा जावो की माझं मांजर. आदल्या हंगामात टेरीने किती विनवण्या केल्या, तरी त्याने तिला घरीच ठेवलं. "कच्ची आहे अजून. एकदा बिघडली की संपली."

लोकांसमोर तो तिच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवायचा नाही. पण एकदा मी अंडी द्यायला गेले तेव्हा मागच्या खोलीत तो जमिनीवर बसून तिला टॉवेलने पुसत होता आणि बोलत होता. कारखान्यातलं काहीतरी, ऑड्रीचं काहीतरी. मला बघितल्यावर गप्प झाला. "काय हवंय?" म्हणाला.

फर्नच्या पहिल्या शिकारीच्या त्या शनिवारचं जे मी पाहिलं नाही ते मला टेरीने नंतर माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, आणि क्लेमनेही. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. बेत क्लेमचा होता. फर्नने आणलेली बदकं बुटाखाली दाबायची, मर्डोला चाचपू द्यायचं आणि स्वतःच्या कुत्रीवर आली की तोही "कुणाचा तरी पाय पडला असेल" म्हणतो का ते ऐकायचं. म्हणणारच, याची दोघांना खात्री होती. मग त्याला खरं सांगायचं, पोट धरून हसायचं आणि मरेपर्यंत त्याला चिडवायचं.

पहिलं बदक फर्नने आणलं तेव्हा मर्डोने बंदूक बाजूला ठेवून ते नीट चाचपलं. शाबूत होतं. टेरी म्हणतो की अभिमानाने त्याचे कान लाल झाले होते. मग नदीकडून थव्यामागून थवे आले. मर्डो बार काढायचा, फर्नचं नाव घ्यायचा, तिने हातात ठेवलेलं बदक न बघता मागे टाकायचा. मागे क्लेम होता. त्याने तीन बदकांवर टाच ठेवली आणि हळूच जोर दिला. आवाज झाला असेल तर तो बंदुकांच्या आवाजात विरला.

ऊन वर आलं, आकाश रिकामं झालं, तेव्हा मर्डो मागे वळून ढिगाशी बसला. एक चाचपलं. दुसरं चाचपलं. तिसरं हातात घेतलं आणि तसाच धरून राहिला. फर्न त्याच्या गुडघ्याला टेकून थरथरत होती, थंडीने आणि आनंदाने.

"का रे मर्डो, वाचा बसली?" टेरी म्हणाला.

मर्डोने तिसऱ्याच्या कुशीवरून बोटं फिरवली.

मग क्लेमने थर्मासचं झाकण फिरवत अगदी मायेने म्हटलं, "कुणाचा तरी पाय पडला असेल, बघ."

टेरीला हसू आवरेना, त्याने तोंड मफलरमध्ये खुपसलं. मर्डोने क्लेमकडे बराच वेळ पाहिलं. मग उठला, बंदूक घेतली, साखळी घेतली, "फर्न," म्हणाला आणि लाकडी फळीवरून काठाकडे चालू लागला. या दोघांना वाटलं, म्हातारा रुसून घरी निघाला. टेरी म्हणाला, "बोलव रे त्याला, सांगून टाकू." क्लेम म्हणाला, "जरा जाऊ दे फाटकापर्यंत. मजा येईल."

मी तेव्हा पलीकडून क्वाड-बाइकवर बेकन, अंडी आणि चहा घेऊन येत होते. फ्लॅक्सच्या झुडपांमागे मर्डो उभा दिसला. तो "बस" म्हणाला. फर्न बसली. तो मागे सरकला, तरी ती बसून राहिली, शेपटीने गवत झाडत त्याच्या तोंडाकडे बघत, कधी नाव घेतो म्हणून. मला वाटलं धडा चाललाय. मी हात वर करून हाक मारायला तोंड उघडलं आणि बार झाला.

माईमाईत आम्ही बरोबरच शिरलो, तो पुढे आणि मी मागे. त्याच्या हातात रिकामी साखळी होती. क्लेमने साखळी बघितली, मग माझं तोंड बघितलं, आणि त्याच्या हातातला पेला खाली पडला.

"मी केलं ते," क्लेम म्हणाला. "मर्डो, मी केलं. बुटाने. गंमत होती रे, देवा, नुसती गंमत होती!"

"ठाऊक आहे," मर्डो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"कुत्रं चावतं तेव्हा दोन्ही कुशी मोडतात. वरून जबडा, खालून जबडा. ही एकाच बाजूने चपटी झालीत. दुसरं हातात घेतलं तेव्हाच कळलं."

मी ओरडले. "मग तिला का मारलंस? मर्डो, मेल्या, का मारलंस तिला?"

तो माझ्याशी बोललाच नाही, क्लेमशीच बोलला. "मी काय म्हणणार होतो? पाय पडला असेल? तुम्ही दोघं तेच ऐकायला तर बसला होतात."

क्लेम रडायला लागला. बाकावर बसून, टोपी तोंडावर धरून, मोठ्याने. मर्डोने साखळी खिळ्याला अडकवली आणि शांतपणे म्हणाला, "डॉटच्या बदकाच्या दोन्ही कुशी मोडल्या होत्या, क्लेम. मी कुठल्याच कुत्र्याबद्दल खोटं बोललेलो नाही."

तेवढं त्याने बोलायला नको होतं. क्लेम मनाशी इतकी वर्षं धरून होता की डॉट निर्दोष होती. तेही मर्डोने त्याच्याकडून काढून घेतलं. मला त्या दोघांची इतकी किळस आली की न्याहारीची टोपली मी पाण्यात फेकून द्यायला निघाले होते. टेरीने माझा हात धरला.

इतक्यात बदकांची एक जोडी वारा कापत तळ्यावर आली. मर्डोने बंदूक उचलली, नेम धरला, आणि नर मधोमध पाण्यात पडला, छाती वर करून. सवयीने आम्ही सगळ्यांनी मर्डोच्या गुडघ्याकडे पाहिलं. तिथे ओली फळी होती.

मर्डोने क्लेमकडे पाहिलं आणि पाण्याकडे बोट केलं. "जा."

"अरे, पाणी गोठायला आलंय," टेरी म्हणाला. "बूट भरतील त्याचे."

पण क्लेम उठला होता. तो फळीवरून उतरला आणि चालत गेला, गुडघे, कंबर, छाती. बूट भरले असणार, कारण तो पाय ओढत होता. बदक दोन्ही हातांनी उचलून, पाण्यावर धरून तो परत आला, निळ्या ओठांनी, आणि खालूनच ते मर्डोपुढे धरलं. मर्डोने ते घेतलं. एका कुशीला अंगठा, दुसऱ्या कुशीला बोटं लावली आणि डोळे मिटले. क्लेम पाण्यातच मान वर करून तसाच उभा होता.

"शाबूत," मर्डो म्हणाला आणि बदक मागे टाकलं.