डांबर माझं, होडी दादाची

खाली रस्त्यावर डांबर उकळतंय, आणि त्या वासानं माझं डोकं आजही तापतं.

तेव्हा फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर दादानं आणि मी खोक्यांच्या फळ्यांची, एकाच माणसापुरती निमुळती होडी बनवली होती. फटींत काथ्या कोंबून डांबर मी भरलं. नखं कितीतरी दिवस काळीच. चौपाटीवर दादा म्हणाला, "होडीला बाईचा पाय आधी लागू नये. तू ओवाळ." आणि या शहाणीनं ओवाळलंसुद्धा. लाटांवरून तो ओरडला, "थेंबभर पाणी आत नाही. काय होडी बनवलीय मी!"

त्याच दिवशी सकाळी मोर्चात 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ओरडून माझा घसा बसला होता. स्वतःच्या होडीसाठी मात्र ब्र काढला नाही.

इतक्या वर्षांनी, आत्ताच त्याला फोन लावला. "दादा, पुरे झालं. होडीतून उतर, आता माझा नंबर."